शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरला हात लावू नये

तांत्रिक साहाय्याच्या धंद्यात आणीबाणीचे दोन प्रकार मानले जातात: कामाच्या वेळेतली आणि कामाच्या वेळेनंतरची. पहिल्या प्रकारात यंत्रणा बंद पडते, चहा मागवला जातो, चार जण एका खुर्चीमागे उभे राहून सल्ले देतात आणि पंधरा मिनिटांत पाचवा येऊन केबल नीट बसवतो. दुसऱ्या प्रकारातही यंत्रणाच बंद पडते आणि बिघाडही बहुधा तोच असतो. पण तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेलेले असतात, ज्याला केबल माहीत आहे तो वाकडला झोपलेला असतो आणि ज्याला तो कुठे झोपला आहे हे माहीत आहे त्याचा फोन सायलेंटवर असतो. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे, आणि मुख्यतः तो टाळण्याविषयी. टाळण्याचे सर्व उपाय गेली अनेक वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. त्यामुळे विषय तसा सोपा आहे; अवघड आहे ती फक्त माणसे.

अशा आणीबाणीच्या तिकिटावर 'पी-वन' असा शिक्का बसतो. नियमावलीत पी-वन ते पी-फोर अशा पायऱ्यांची सविस्तर व्याख्या असते, परंतु व्यवहारात अर्थ वेगळे आहेत. पी-फोर म्हणजे कोणीही कधीही पाहणार नाही. पी-थ्री म्हणजे पाहू. पी-टू म्हणजे क्लायंटचा मॅनेजर चिडला आहे, आणि पी-वन म्हणजे त्या मॅनेजरचा मॅनेजर चिडला आहे. बिघाडाच्या आकाराशी या वर्गवारीचा संबंध असेलच असे नाही. हजारो ग्राहकांची पेमेंट तीन दिवस अडकून पी-थ्रीवर पडून राहतात, आणि मोठ्या साहेबांशेजारचा एक प्रिंटर सहा मिनिटांत पी-वन होतो.

पी-वन जाहीर होताच ब्रिज कॉल उघडतो. या कॉलवर तीस-पस्तीस माणसे जमतात. पैकी दोघे काम करत असतात. उरलेल्यांची जबाबदारी त्या दोघांना काम करू न देण्याची असते, आणि ती ते निष्ठेने पार पाडतात.

"अपडेट काय आहे?"

"बघतोय सर."

"ईटीए?"

"कशामुळे झालंय ते कळलं की सांगतो."

"बरोबर आहे. पण तोपर्यंत अंदाजे एक ईटीए?"

दर दहा मिनिटांनी कोणीतरी नवा अधिकारी कॉलवर येतो आणि "दोन मिनिटांत सगळं पहिल्यापासून सांगा" म्हणतो. ते सांगून होईपर्यंत पुढचा येतो. मध्येच कोणाच्या तरी चालू राहिलेल्या माइकमधून स्पष्ट घोरणे ऐकू येते. घोरणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसत असते, पण ते हुद्द्याने मोठे असल्याने कोणी बोलत नाही. घरातही समांतर चौकशी सुरू असते.

"एवढ्या रात्री कोणाचा फोन? कोणी गेलं का रे?"

"नाही गं आई, सर्व्हर डाउन आहे."

"मग सकाळी बघ ना."

या शेवटच्या वाक्याला समाधानकारक उत्तर देणारा एकही दस्तऐवज या उद्योगाने अद्याप तयार केलेला नाही.

हा विकार पुण्यात विशेष फोफावला याचे कारण भूगोल. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिंजवडीत हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात. म्हणजे ज्या वेळी अमेरिकेतला माणूस कॉफी घेऊन सगळी बटणे एकदम दाबायला बसतो, त्या वेळी ती बटणे सांभाळणारा माणूस वाकडच्या पुलावर रिक्षा आणि डंपर यांच्या मधोमध असतो. कंत्राट मिळवताना दाखवलेल्या स्लाइडवर पृथ्वीचा गोल असतो, त्याभोवती बाण असतात, आणि सूर्य मावळला की काम दुसऱ्या गोलार्धात सरकते असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात काम सरकत नाही, सरकतो तो समज. पुण्याला वाटते की आता ऑनसाइटवाले जागे आहेत, ते बघतील; ऑनसाइटला वाटते की ऑफशोअरचा रात्रपाळीवाला आहे, तो बघेल. रात्रपाळीवाला खरोखरच असतो. तो दोन आठवड्यांपूर्वी रुजू झालेला असतो आणि त्याचा लॉगिन अजून आलेला नसतो.

घड्याळ पुढेमागे करण्याच्या अमेरिकी प्रथेमुळे यात हंगामी भर पडते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन होतात. त्यामुळे अडीच वाजता चालायचे काम, पुरेशी काळजी घेतलेली नसेल तर, चालतच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो आणि दीडचे काम दोनदा चालते. पहिल्या प्रसंगी तिकिटांचा पाऊस पडतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र शांतता असते, कारण ज्यांच्या खात्यात पैसे दोनदा जमा होतात ते तिकीट काढत नाहीत.

आणीबाणीच्या कारणांकडे वळताना प्रथम एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रात्रीची आणीबाणी रात्री तयार होत नाही. ती दिवसा, भरपूर उजेडात, जबाबदार माणसांच्या हातून तयार होते आणि रात्री फक्त उघडकीला येते. म्हणूनच प्रत्येक ब्रिज कॉलवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि उत्तरही.

"आज काही बदललं होतं का?"

"नाही, काहीच नाही."

"नक्की?"

"नक्की. म्हणजे एक छोटंसं कॉन्फिगरेशन होतं. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

संबंध असतो. तो सिद्ध व्हायला सरासरी साडेतीन तास लागतात. ही आकडेवारी कोणत्याही पाहणीवर आधारलेली नाही, केवळ सार्वत्रिक आहे.

हा छोटासा बदल करण्याची सर्वांत लोकप्रिय वेळ म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. तिन्हीसांजेला नखे कापू नयेत असे बजावणारी पिढी आता विरळ झाली. तिची जागा शुक्रवारी डिप्लॉयमेंट करू नये असे बजावणाऱ्या पिढीने घेतली आहे, आणि दोघींचेही सारखेच ऐकले जाते. शुक्रवारमागचे तर्कशास्त्र वरवर निर्दोष आहे. स्प्रिंट संपत असतो, काम 'पूर्ण' या रकान्यात सरकवायचे असते, आणि शनिवार-रविवारी वापरणारे कमी असल्याने काही बिघडलेच तर कोणाला कळणार नाही असे वाटते. कोणाला कळत नाही हे खरे. पहिल्यांदा कळते ते रविवारी रात्री, आणि ज्याने बदल केला तो तेव्हा महाबळेश्वरहून परतताना पसरणीच्या घाटात असतो. तिथून तो जे काही सांगतो त्यातले "ते फक्त" आणि "करू नका" एवढेच ऐकू येते.

याबाबतीतले अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. तो शुक्रवारच होता, निदान भारतात. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने एक अपडेट पाठवले. भारतात तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती, पण कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी, टेक्ससमधल्या ऑस्टिनला, गुरुवारची रात्र ११ च्या पुढे गेली होती. चूक लक्षात येऊन ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेण्यात आले. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बसली होती. अपडेट एका क्षणात साऱ्या जगात गेले. दुरुस्तीला मात्र बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापुढे जाऊन, ते सेफ मोडमध्ये चालू करून, एक फाइल पुसावी लागली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते मिळालेल्या प्रवाशांनी त्यांचे फोटो कौतुकाने सर्वत्र पाठवले. बोरू आणि शाई हाताशी ठेवावी असा धडा मात्र कोणत्याही तंत्रज्ञान परिषदेत मांडला गेला नाही.

दुसरे कारण तारखा. यंत्र बिघडेल की नाही हे सांगता येत नाही, पण सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत अमुक दिवशी अमुक वाजता संपणार हे ते घेतानाच छापून मिळते. तरीही ती संपते तेव्हा सर्वांना धक्का बसतो. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडले, कारण मायक्रोसॉफ्टच सर्टिफिकेटचे नूतनीकरण विसरली होती. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या लाखो ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट गेले, त्यामागेही एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले मुदत संपलेले सर्टिफिकेटच होते. सामान्य कचेरीत याची आठवण ठेवण्याची व्यवस्था पक्की असते: आठवणीचा मेल महिनाभर आधी जातो. तो ज्याच्या पत्त्यावर जातो त्याने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेली असते.

तारखांच्या प्रकारातला अस्सल नमुना मात्र २९ फेब्रुवारी २०१२ चा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर सेवेत नवे सर्टिफिकेट तयार करताना एक वर्षाची मुदत घालण्यासाठी वर्षाच्या आकड्यात एक मिळवला जाई. त्या दिवशी हिशेब निघाला २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवस पंचांगात नाही, म्हणून सर्टिफिकेट बनेना. ते बनेना म्हणून यंत्रे चालू होईनात. आणि चालू होत नाहीत म्हणजे त्यांच्यात बिघाड असणार असे समजून यंत्रणा तेच काम निरोगी यंत्रांवर सोपवू लागली. भारतात हे पहाटे साडेपाचला सुरू झाले. अधिक महिना, क्षय तिथी आणि वृद्धी तिथी वर्षानुवर्षे बिनबोभाट सांभाळणाऱ्या दाते पंचांगाच्या सोलापूरकर गणितज्ञांना चार वर्षांतून एकदा येणाऱ्या दिवसाचे एवढे काय, हा प्रश्न पडला असल्यास तो रास्त आहे.

या बाबतीत परिस्थिती सुधारण्याऐवजी वेगवान होणार आहे. पूर्वी संकेतस्थळाचे सर्टिफिकेट ३९८ दिवसांपर्यंत चाले. आता ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी होऊन १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार, असे ब्राउझर बनवणाऱ्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने २०२५ मध्ये ठरवले. वर्षातून एकदा विसरण्याची गोष्ट त्यामुळे दीड महिन्यातून एकदा विसरता येईल. हे काम माणसाकडे ठेवूच नये, यंत्राकडे सोपवावे, असा या निर्णयाचा उघड हेतू आहे, आणि तो माणसाविषयीच्या दीर्घ अनुभवातून आलेला दिसतो.

तिसरे कारण इशारे. ते कमी पडतात असे नाही. ते फार येतात. डिस्क ७० टक्के भरली की मेल येतो, ८० टक्के भरली की येतो, ९० टक्के भरली की दर पाच मिनिटांनी येतो. भरते ती लॉगने, म्हणजे यंत्राने स्वतःविषयी लिहिलेल्या टिपणांनी. यंत्राला लिहिण्याचा सोस आवरत नाही आणि जुने टिपण आपोआप पुसण्याची सोय चालू करायची राहिलेली असते. सुरुवातीला नवा माणूस प्रत्येक मेल उघडतो. पंधरा दिवसांत जुनाजाणता त्याला शेजारी बसवून घेतो.

"एवढं काय बघतोयस? रूल लाव. सगळे ॲलर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये टाक."

"आणि तो फोल्डर कधी बघायचा?"

"आरसीए लिहिताना."

आरसीए म्हणजे दुर्घटनेनंतर लिहायचा मूळ कारणाचा अहवाल. तो लिहिताना प्रत्येक वेळी असे आढळते की यंत्राने सर्व काही आधीच कळवले होते, अनेकवार, अदबीने. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली पेढीत १ ऑगस्ट २०१२ रोजी शेअर बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने ९७ मेल पाठवले होते. नवे सॉफ्टवेअर आठपैकी सात सर्व्हरवर चढले होते आणि आठव्यावर कित्येक वर्षे न वापरलेला जुना प्रोग्राम तसाच होता, त्याचा उल्लेख त्या मेलांमध्ये होता. ते कोणी मनावर घेतले नाहीत. बाजार उघडला, जुना प्रोग्राम जागा झाला आणि पाऊण तासात पेढीचे ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झाले. ९७ मेल न वाचण्याचा एवढा महाग दर इतिहासात दुसरा नसावा. एरवी ही सेवा सगळीकडे फुकट मिळते.

बॅकअपचे प्रकरण याहून नाजूक आहे. बॅकअप घेतो का असे विचारले तर प्रत्येक जण हो म्हणतो. तो परत उतरवून पाहिला आहे का असे विचारले तर विषय बदलतो. गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, दिवसभराचे काम संपत आले असताना, एका सर्व्हरवरचे फोल्डर पुसायची आज्ञा दिली. क्षण-दोन क्षणांत त्याच्या ध्यानात आले की हा दुसराच सर्व्हर आहे. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपचे मार्ग एक नव्हे, अनेक होते, पण वेळेला त्यातला एकही धड कामास येईना. एक प्रकार आवृत्ती जुळत नसल्याने बरेच दिवस मुकाट फसत होता. फसल्याचे कळवणारे मेल निघत होते, पण मेल पाठवण्याची मांडणी चुकल्याने ते समोरच्या बाजूला नाकारले जात होते. अखेर कोणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेऊन ठेवलेली प्रत कामी आली. कंपनीने दुरुस्तीचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर केले आणि ते पाहायला जगभरचे सहव्यवसायी रात्र जागून बसले. दुसऱ्याच्या पी-वनवर प्रेक्षक म्हणून बसण्यासारखे सुख या धंद्यात दुसरे नाही.

मोठ्या कंपन्यांनी आणखी एक प्रकार सिद्ध करून दाखवला आहे: कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच ठेवणे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा एका आज्ञेतल्या चुकीमुळे काही तास कोलमडली. कोणती सेवा चालू, कोणती बंद हे दाखवणाऱ्या फलकाची भिस्तही एस-थ्रीवरच असल्याने त्यावरचे सेवांचे दिवे बराच वेळ हिरवेच राहिले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने देखभालीची एक आज्ञा दिली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही सारी कुटुंबे सहा तासांच्या आसपास इंटरनेटवरून नाहीशी झाली. दुरुस्तीची आतली साधनेही त्याच जाळ्यावर होती. इमारतीत शिरून यंत्रापर्यंत पोहोचण्यातही वेळ गेला, कारण ती सर्व व्यवस्था मुळात कोणाला सहज पोहोचता येऊ नये म्हणून बांधली होती. भारतात हे रात्री नऊनंतर झाले. कौटुंबिक ग्रुपवरचे 'शुभ रात्री' त्या दिवशी पोहोचले नाही, तरी रात्र बहुतेकांची शुभ गेली. लहान कचेऱ्यांत हाच प्रकार साधेपणाने होतो: सर्व्हर पडल्यास कोणाला फोन करायचा त्याची यादी त्याच सर्व्हरवर असते.

यादी मिळाली तरी तिच्यात शेवटी एकच नाव निघते. प्रत्येक कचेरीत एक माणूस असा असतो की ज्याला 'ते' माहीत आहे. 'ते' म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेली एक स्क्रिप्ट, जी कशासाठी आहे हे कोणाला ठाऊक नाही, पण बंद केली की पगार होत नाहीत. हा माणूस वर्षभर जागेवर असतो आणि त्या काळात स्क्रिप्ट उत्तम चालते. गणेश चतुर्थीला तो मालवणजवळच्या गावी जातो. स्क्रिप्टला हे कसे कळते याचा उलगडा झालेला नाही, पण कळते. मग त्याला फोन लागत नाही. चुलत्याच्या लँडलाइनवर निरोप जातो. तो आरती अर्धी सोडून घरामागच्या सड्यावर चढतो, कारण रेंज तिथेच येते. तिथून पावसात छत्री धरून तो दोन आज्ञा तोंडी सांगतो. स्पेलिंग सांगताना "प" पतंगातला की "ब" बदकातला यावर दहा मिनिटे जातात. यंत्रणा चालू होते. ब्रिज कॉलवरचे सर्व जण त्याचे आभार मानतात आणि परत आल्यावर त्याने हे सगळे लिहून द्यायचे असे एकमताने ठरते. परत आल्यावर तो लिहायला बसतोही. पहिल्या पानावर शीर्षक, आवृत्ती क्रमांक आणि 'मंजूर करणाऱ्याचे नाव' एवढे होते. पुढे नवरात्र येते.

प्रतिबंधक उपाय यानंतर सांगायचे, ते थोडक्यात सांगता येतात. बदल सोमवार ते गुरुवार, सकाळच्या वेळी करावा, आणि तो कसा मागे घ्यायचा हे करण्याआधी ठरवावे. ज्याने बदल केला त्याने त्या रात्री फोन जवळ ठेवावा. या एका नियमाने छोट्याशा कॉन्फिगरेशनांची संख्या लगेच घटते. ज्या इशाऱ्यावर काही करायचे नाही तो बंद करावा. बॅकअप महिन्यातून एकदा खरोखर उतरवून पाहावा. सर्टिफिकेटे यंत्राने नूतनित करावीत. कोकणात जाणाऱ्या माणसाची स्क्रिप्ट त्याच्या शेजाऱ्याने, तो कचेरीत असताना, त्याला न विचारता चालवून दाखवावी.

याहून धाडसी उपाय नेटफ्लिक्सने केला. 'केऑस मंकी' नावाचा एक प्रोग्राम त्यांनी बनवला आणि २०११ च्या सुमारास त्याविषयी जाहीर लिहिले. हे माकड चालू यंत्रांपैकी कोणतेही एक मनाला येईल तसे बंद करते. ते मुद्दाम कामाच्या दिवशी आणि कामाच्याच वेळेत सोडतात. पडझड व्हायचीच असेल तर ती सगळे जण जागे, जेवलेले आणि जागेवर असताना व्हावी, ही त्यामागची कल्पना. पुणे शहर हेच तत्त्व फार आधीपासून पाळते: देखभालीसाठी पाणी गुरुवारी बंद राहते, पेपरात आदल्या दिवशी छापून येते आणि पिंप भरून ठेवणे हे नागरिकांचे काम असते. पण गुरुवारचे पाणी गेल्याची कुरकुर न करता पिंप भरणारा तोच नागरिक कचेरीत मात्र अर्ध्या तासाच्या पूर्वनियोजित बंदला परवानगी देत नाही.

"गुरुवारी दुपारी अर्धा तास बंद ठेवून पॅच टाकायचा आहे."

"छे छे. बिझनेस अवर्समध्ये बंद? क्लायंट काय म्हणेल?"

"नाही टाकला तर कधीतरी रात्री आपोआप बंद पडेल."

"ते पडेल तेव्हा बघू. ते आपण केलेलं नसेल."

या शेवटच्या वाक्यात सर्व विषयाचे मर्म आलेले आहे. ठरवून केलेला अर्धा तास बंद हा कोणाचा तरी निर्णय असतो. आपोआप झालेला सहा तास बंद हा निसर्ग असतो. आणि निसर्गाशी झुंजणाऱ्याला मान मिळतो. पहाटे पाचपर्यंत जागून यंत्रणा उभी करणाऱ्याचा सोमवारच्या सभेत टाळ्यांनी सत्कार होतो, त्याला 'स्टार' लिहिलेले प्रमाणपत्र आणि पाचशे रुपयांचे कूपन मिळते. ज्याची यंत्रणा वर्षभर एकदाही पडली नाही, त्याला अप्रेझलच्या वेळी सौम्य आवाजात विचारले जाते, "तुझ्याकडे काम जरा कमी दिसतंय, नाही?" पुढच्या वर्षी त्याला आणखी दोन यंत्रणा सांभाळायला मिळतात. त्या पडतात, आणि मग त्यालाही कूपन मिळते.

गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभियंत्यांच्या पुस्तकात बारा तासांच्या पाळीत सरासरी दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत असे म्हटले आहे, कारण एका घटनेचा शोध, दुरुस्ती आणि नंतरचे लेखन धरून सहा तास जातात. हिंजवडीत हे पुस्तक पुष्कळांच्या टेबलावर आहे. त्यावर मॉनिटर ठेवला की डोळ्यांच्या पातळीला येतो.

आरसीएविषयी दोन शब्द. त्यात मूळ कारण म्हणून 'मानवी चूक' आणि उपाय म्हणून 'टीमला योग्य त्या सूचना देण्यात आल्या' असे लिहिण्याचा प्रघात आहे. मागच्या दुर्घटनेचाच अहवाल उघडून त्यातली तारीख बदलली तरी काम भागते. फक्त तारीख बदलायला विसरू नये.

तारखांवरूनच एक शेवटची नोंद. बऱ्याच जुन्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि तो आकडा ३२ बिटांच्या जागेत ठेवतात. १९ जानेवारी २०३८ रोजी ही जागा संपते. तेव्हा भारतात मंगळवारची सकाळ असेल, ८ वाजून ४४ मिनिटे आणि ७ सेकंद. म्हणजे रात्रपाळी घरी निघालेली, दिवसपाळी अजून वाकडच्या पुलावर, आणि हँडओव्हरच्या मेलमध्ये 'विशेष काही नाही' असे लिहिलेले. ज्या वाचकांच्या देखरेखीखाली असे एखादे जुने यंत्र असेल त्यांनी ते येत्या सोमवार ते गुरुवारात, जेवणाच्या सुट्टीआधी तपासून घ्यावे. शुक्रवारी नको.